सुकाणूं कोणाच्या हातीं?

आजकाल सुशिक्षित घरांतील तरुण मुलांच्या हातीं एका निराळ्याच जातीच्या इंग्रजी कादंबऱ्या दिसूं लागल्या आहेत. मुखपृष्ठावर रात्रीचें शहर असतें, पाऊस असतो, उंच इमारतींवर रंगीत दिव्यांच्या पाट्या झळकत असतात, आणि त्या उजेडांत उभा असलेला पोरगा चोर आहे कीं नायक, हें चित्रावरून कळत नाहीं. आंतील मजकूर वाचूनहि तें नीटसें कळत नाहीं. वडील मंडळी अशीं पुस्तकें चार पानें चाळून बाजूस ठेवतात. यांत ना नीति, ना संसार, ना सुखाचा शेवट, असा त्यांचा अभिप्राय असतो. हा निकाल घाईचा आहे, असें प्रस्तुत लेखकाचें नम्र मत आहे. या वाङ्मयास 'सायबरपंक' असें नांव आहे. यंत्र, गुन्हा आणि कंपनी हे त्याचे तीन विषय. आणि या तिहींची ओळख आमच्या रत्नागिरी जिल्ह्यास कादंबरी वाचून करून घ्यावी लागलेली नाहीं. ती त्यास स्वतःच्या किनाऱ्यावर झाली आहे.

नांवाचा अर्थ

प्रथम नांवाचा विचार करूं. ग्रीक भाषेंत नावेचें सुकाणूं धरणाऱ्यास 'कुबेर्नेतेस्' असें म्हणत. अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर यानें १९४८ सालीं यंत्रांच्या व प्राण्यांच्या नियंत्रणाच्या शास्त्रास याच शब्दावरून 'सायबरनेटिक्स' हें नांव दिलें, आणि पुढें संगणकाशीं संबंध असलेल्या प्रत्येक गोष्टीच्या मागें 'सायबर' हें उपपद लागलें. संस्कृतांत याला नेमका शब्द आहे, तो 'कर्णधार'. येथें कर्ण म्हणजे कान नव्हे, सुकाणूं. दुसरा शब्द 'पंक'. इंग्रजींत त्याचा अर्थ उनाड, वाया गेलेला पोरगा. संस्कृतांतील चिखलवाचक 'पंक' शब्दाशीं त्याचें कांहींहि नातें नाहीं. तथापि योगायोग असा कीं, तो अर्थहि येथें शोभून दिसतो. सुकाणूं आणि चिखल! ब्रूस बेथके या लेखकानें १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका लघुकथेस 'सायबरपंक' हें नांव दिलें, आणि तेंच पुढें साऱ्या संप्रदायाचें झालें.

मराठी वाचकास विज्ञानकथा नवी नाहीं. डॉ. जयंत नारळीकरांच्या कथा आपल्याकडे घरोघरीं वाचल्या गेल्या आहेत. परंतु या नव्या जातीच्या कथेंत वेधशाळेंतील शास्त्रज्ञ नसतो. तेथें विज्ञान बाजारांत उतरलेलें असतें, आणि तें ज्यास परवडतें त्याच्याच घरीं पाणी भरतें.

'न्यूरोमॅन्सर'ची कथा

या संप्रदायाचा मुख्य ग्रंथ म्हणजे विल्यम गिब्सन याची 'न्यूरोमॅन्सर' ही १९८४ सालची कादंबरी. संगणकांच्या जाळ्याचें एवढें सविस्तर चित्र रंगविणाऱ्या या लेखकानें ती लिहिली मात्र साध्या हातानें चालविण्याच्या टंकयंत्रावर. तिचा नायक केस हा संगणकांच्या जाळ्यांत चोरवाटेनें शिरून दुसऱ्यांचीं गुपितें पळविणारा भाडोत्री चोर आहे. एकदां त्यानें मालकांच्याच मालाची चोरी केली. मालकांनीं त्यास ठार मारलें नाहीं. एका विषानें त्याच्या मज्जातंतूंस इजा करून त्याची कला तेवढी काढून घेतली. पुढें एक अपरिचित मनुष्य त्याला बरें करतो, पण त्याच शस्त्रक्रियेंत त्याच्या शरीरांत विषाच्या लहान पिशव्या ठेवून देतो. काम वेळेवर झालें तर त्या निरुपद्रवी होतील. न झालें तर त्या विरघळून तो पुन्हां पूर्वस्थितीस जाईल. अशा वेठीवर तो राबतो. आपण कोणासाठीं राबतों हें त्यास बराच काळ ठाऊक नसतें. शेवटीं उलगडतें कीं, या साऱ्यामागें एका धनाढ्य घराण्याच्या मालकीची कृत्रिम बुद्धि आहे, आणि कायद्यानें घातलेल्या बेड्या तोडून तिला आपल्या जुळ्या भावंडाशीं एक व्हावयाचें आहे.

या कादंबरींतील दोन गोष्टींकडे एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकानें अवश्य लक्ष द्यावें. पहिली गोष्ट त्या घराण्याची. तें घराणें म्हणजेच कंपनी. त्याचे वंशज मृत्यु टाळण्यासाठीं शीतनिद्रेंत पडून राहतात आणि आळीपाळीनें जागे होऊन कारभार पाहतात. आपल्या घरांत पिढी जाते, तिचें श्राद्ध होतें, किल्ल्या पुढच्या सुनेच्या कमरेला जातात. तेथें कोणी मरावयास तयार नाहीं, म्हणून कोणी मोठेंहि होत नाहीं. एकत्र कुटुंबाचें इतकें भयाण विडंबन दुसरें क्वचितच सांपडेल. दुसरी गोष्ट पहाऱ्याची. त्या जगांत कृत्रिम बुद्धीवर नजर ठेवणारे खास पोलीस आहेत; यंत्र मर्यादेबाहेर गेलें तर तें नष्ट करण्याचा त्यांस अधिकार आहे. परंतु यंत्राच्या मालकावर तशी नजर ठेवणारा कोणी ठळकपणें दिसत नाहीं. बेडी बैलाला, आणि गाडीवान मोकळा!

नील स्टीफन्सन याच्या १९९२ सालच्या 'स्नो क्रॅश' या कादंबरींत हाच विचार विनोदाच्या अंगानें पुढें नेलेला आहे. तेथें अमेरिकेचें सरकार आक्रसून नांवापुरतें उरलें आहे. वस्त्या, रस्ते, तुरुंग हें सारें खासगी कंपन्यांनीं वांटून घेतलें आहे. राज्य गेलें तरी कर चुकले नाहींत. ते भरण्याची खिडकी मात्र बदलली.

आपलें जुनें कंपनी सरकार

हें वाचून पाश्चात्त्य वाचक दचकतो. आपण दचकण्याचें कारण नाहीं. कारण 'कंपनी सरकार' हा जोडशब्द मराठींत पूर्वीपासूनच रुळलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीस इंग्लंडच्या राणीची सनद मिळाली ती ३१ डिसेंबर १६०० रोजीं, आणि ती व्यापारापुरती होती. पुढें तिनें वखारी घातल्या, वखारींस तट बांधले, तटांवर तोफा ठेवल्या. १७५६ सालीं विजयदुर्गाच्या खाडींत तुळाजी आंग्र्यांचें आरमार जाळण्यांत तिचींहि गलबतें होतीं, आणि त्या वेळीं पेशव्यांचें सैन्य तिच्याच बाजूस होतें, हेंहि विसरूं नये. १७६५ मध्यें बंगालची दिवाणी तिच्या हातीं आली. १८१८ सालीं पुण्याचें राज्य गेलें आणि कोंकणचा हा किनाराहि तिच्या अंमलाखालीं आला. चाळीस वर्षें आपल्या पूर्वजांनीं सारा भरला तो कोणा राजास नव्हे, तर लंडनमधील भागीदारांच्या मंडळास. तेव्हां खासगी फौज बाळगणारी, कर वसूल करणारी आणि न्यायहि देणारी कंपनी हें कल्पनारम्य भविष्य नसून आपला इतिहास आहे.

अंजनवेलचा करार

तो इतिहास संपला असें जें वाटत होतें, तें समाधान १९९२ सालापासून ढळूं लागलें. अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरच्या एन्रॉन कंपनीनें त्या वर्षीं २० जून रोजीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशीं प्राथमिक करार केला आणि १९९३ च्या डिसेंबरांत वीजखरेदीचा मुख्य करार झाला. बेक्टेल व जनरल इलेक्ट्रिक या कंपन्या तिच्या भागीदार होत्या. नांव घेतलें तें वाशिष्ठीच्या उत्तर तीरावरील दाभोळ बंदराचें. वीजकेंद्र मात्र उभें राहिलें तें दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यांत, गोपाळगडाच्या शेजारीं अंजनवेल-वेलदूरच्या सड्यावर. राज्यांत विजेची टंचाई होती, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. उत्तम यंत्रें येणार, याचाहि पुष्कळांस आनंद होता. दोष यंत्रांत नव्हता. दोष कागदांत होता.

त्या करारांत असें बंधन होतें कीं, मंडळानें वीज घेवो अथवा न घेवो, ठरलेल्या क्षमतेचे पैसे दिलेच पाहिजेत. हिशेब डॉलरशीं बांधलेला. इंधन महागलें तर भार मंडळावर. राज्य सरकारची हमी, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. आणि तंटा झाल्यास लवाद लंडनमध्यें! गृहिणींस हें असें समजेल: गवळ्याशीं रोज दहा शेर दुधाचा करार केला, आणि दूध न घेतलें तरी दहा शेरांचे पैसे द्यावयाचे कबूल केलें. घरांत पांचच शेर लागलें, तर प्रत्येक शेर दुप्पट भावानें पडलें. त्यांत गवळ्याचा भाव परक्या नाण्यांत ठरलेला असेल, तर घर बुडावयास शत्रु नको. जागतिक बँकेनें १९९३ सालींच हा प्रकल्प आर्थिक दृष्ट्या योग्य नाहीं असें सांगून कर्ज नाकारलें होतें. तरीहि सह्या झाल्या, आणि कराराचा मजकूर आरंभीं लोकांपुढें ठेवण्यांतहि आला नाहीं.

१९९५ सालीं नवें राज्य सरकार आलें. ऑगस्टमध्यें त्यानें करार रद्द केल्याचें जाहीर केलें. कांहीं महिन्यांत पुन्हां वाटाघाटी झाल्या, आणि रद्द झालेला प्रकल्प परत उभा राहिला तेव्हां तो पहिल्यापेक्षां मोठा झाला होता! १९९६ च्या मे महिन्यांत दिल्लींत अवघे तेरा दिवस टिकलेल्या मंत्रिमंडळानें त्याच्या प्रतिहमीस मान्यता दिली. इकडे गांवांत विरोध करणाऱ्या कोळी व शेतकरी मंडळींवर काय गुदरलें, तें 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेच्या जानेवारी १९९९ च्या अहवालांत नमूद आहे: जमावबंदी, अटका, मारहाण, आणि ३ जून १९९७ रोजीं पहाटे वेलदूरच्या वस्तींत पोलिसांनीं घरांत शिरून स्त्रियांवर उगारलेल्या काठ्या. प्रकल्पाच्या रक्षणार्थ ठेवलेल्या सरकारी पोलिसांच्या खर्चाचा भाग कंपनी उचलीत होती, असेंहि त्या अहवालांत म्हटलें आहे. कंपनीनें आपल्यावरील आरोप नाकारले. परंतु ज्याच्या खर्चानें पहारा उभा, त्याच्याविरुद्ध फिर्याद घेऊन त्याच पहाऱ्यापाशीं जावयाचें, ही कोळ्याची अडचण कोणत्याहि खुलाशानें दूर होत नाहीं.

पहिल्या टप्प्याची वीज १९९९ च्या मे महिन्यांत सुरू झाली. रुपया घसरला, नाफ्था महागला, मागणी कमी पडली. कांहीं महिन्यांत दर युनिटमागें सात रुपयांच्याहि वर गेला. मंडळाचें बिल थकलें. माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीनें २००१ सालीं या व्यवहारांतील दोष सविस्तर मांडले. त्याच वर्षीं मे महिन्यांत मंडळानें करार मोडला आणि केंद्र बंद पडलें. सुमारें तीन अब्ज डॉलरांचा प्रकल्प वाशिष्ठीच्या मुखाशीं अंधारांत उभा राहिला. ज्यानें उजेड विकावयाचा, त्याच्याच दारीं काळोख!

नाटकांतील नांवें, बाजारांतील दरोडा

२ डिसेंबर २००१ रोजीं एन्रॉननें अमेरिकेंत दिवाळें काढलें, आणि मग जें बाहेर आलें तें कोणाहि कादंबरीकारास लाजवील असें होतें. कंपनीनें आपलें कर्ज व तोटा लपविण्यासाठीं बगलेंतील संस्थांचें जाळें विणलें होतें, आणि त्यांस नांवें दिलीं होतीं तीं वैज्ञानिक चित्रपटांतून घेतलेलीं! 'जेडाय' आणि 'चूको' हीं 'स्टार वॉर्स'मधून, तर 'रॅप्टर' हें 'जुरासिक पार्क'मधून. कॅलिफोर्निया प्रांतांत २००० व २००१ सालीं विजेची टंचाई झाली, तेव्हां बाजार फिरविण्याच्या तिच्या एका युक्तीचें नांव होतें 'डेथ स्टार'. भाव चढावा म्हणून वीजकेंद्र थोडा वेळ बंद ठेवा, असें सांगणाऱ्या तिच्या दलालांचीं ध्वनिमुद्रित संभाषणें पुढें उजेडांत आलीं. कादंबरीकारानें कंपनीकडे पाहून खलपुरुष रंगविले, कीं कंपनीनें चित्रपट पाहून खलपुरुषांचीं नांवें घेतलीं, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

येथें कौटिल्याचें स्मरण होतें. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाचें नांव 'कण्टकशोधन'. प्रजेस रुतणारे कांटे कोणते, तें त्यांत सांगितलें आहे. आणि त्यांत चोरदरोडेखोरांच्या आधीं कारागीर व व्यापारी यांच्यापासून प्रजेचें रक्षण कसें करावें याचीं प्रकरणें येतात. व्यापाऱ्यांनीं संगनमत करून माल अडवून धरला व अयोग्य भावानें विकला, तर एक हजार पण दंड करावा, असें तेथें स्पष्ट आहे. वीज अडवून धरण्याची युक्ति नवी, पाप जुनेंच.

एन्रॉनच्या मुख्य अधिकाऱ्यांस २००६ सालीं अमेरिकेच्या न्यायालयानें दोषी ठरविलें. तो गुन्हा तेथील भागधारकांची फसवणूक केल्याचा होता. अंजनवेलबद्दल त्यांस कोणी दोषी ठरविलें नाहीं. येथें लांचलुचपत झाल्याचा आरोप पुष्कळ झाला, पण तो सिद्ध झालेला नाहीं. आणि २०१९ सालीं, इतका काळ लोटल्यावर चौकशी नको, म्हणून सर्वोच्च न्यायालयानें तें प्रकरण मिटविलें. यंत्रें मात्र निरपराधच होतीं. २००५ सालीं 'एन.टी.पी.सी.' व 'गेल' या सरकारी कंपन्यांनीं रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी संस्था काढली, आणि २००६ पासून त्याच यंत्रांनीं पुन्हां वीज दिली. सुकाणूं बदललें, नाव तीच.

पुण्यांतील चोरी

आतां गुन्ह्याचा दुसरा प्रकार पाहूं. तो गिब्सनच्या कथेस अधिक जवळचा आहे. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवशीं तिच्यांतून सुमारें ९४ कोटि रुपये गेले. तिजोरी कोणी फोडली नाहीं. पैसे देण्यापूर्वीं 'या खात्यांत रक्कम आहे काय?' असा प्रश्न पैसे देणारें यंत्र बँकेच्या संगणकास विचारतें. चोरांनीं मध्येंच एक तोतया बसविला, आणि तो प्रत्येक प्रश्नास 'आहे, द्या' असें उत्तर देत राहिला. बनावट कार्डें घेतलेल्या माणसांनीं २८ देशांत हजारों वेळां पैसे काढले. आणखी सुमारें १४ कोटि रुपये हाँगकाँगच्या एका खात्यांत वळते झाले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळानें २०१९ सालीं या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशीं जोडला. पुण्याच्या न्यायालयानें २०२३ च्या एप्रिलमध्यें अकरा जणांस शिक्षा दिली, हें उत्तमच झालें. पण हे यंत्रापुढें उभे राहून पैसे काढण्याच्या कटांतील हात होते. ज्यानें तो तोतया बसविला, तो त्या पिंजऱ्यांत नव्हता.

अंजनवेल आणि पुणें येथील प्रकार वरवर परस्परांहून भिन्न आहेत. एकांत कंपनी अपराधाच्या बाजूस उभी, तर दुसऱ्यांत बँक स्वतःच नाडली गेली. परंतु दोहोंचा धागा एकच आहे, आणि त्या कादंबऱ्यांचाहि तोच आहे. भाडोत्री हात सांपडतो, सुकाणूं धरणारा सांपडत नाहीं. जुलूम पूर्वींहि होता. पण जुलमी मामलेदाराचें घर गांवास ठाऊक असे. नव्या सत्तेस घर नसतें. दाद मागावयाची कोठें, हेंच कळत नाहीं. आणि जेथें दाद मागण्याचें दार नाहीं, तेथें उत्तमांतील उत्तम यंत्रहि वेठबिगारीचें साधन होतें.

आपल्या घरापुरतें

या विवेचनाचा आपल्या संसाराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध दोन बाजूंनीं आहे. पहिली बाजू सही करणाऱ्याची. आपल्या घरांतील लहानथोर सारे दिवसांतून कितीदां तरी हातांतील फोनवर 'मला मान्य आहे' या अक्षरांवर बोट टेकवितात. काय मान्य, तें कोणी वाचीत नाहीं. आपल्याच कोंकणांत खोतापुढें कुळानें कोऱ्या कागदावर अंगठा उठवावा, तसाच हा प्रकार. त्या खोतांत आपल्यापैकीं पुष्कळांचे आजे-पणजे होते, हें सत्य झांकण्यांत अर्थ नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत खोतीविरुद्ध विधेयक आणलें, तेव्हां प्रश्न हाच होता: कागद ज्यास वाचतां येत नाहीं, त्याची संमति ही संमति काय? आज आपण सारे पदवीधर कुळें झालों आहों. कागद वाचतां येतो, तरी अंगठा उठवितों.

दुसरी बाजू सुकाणूं धरणाऱ्याची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. आपलीं मुलें-मुली, सुना-जांवई आज पुण्याबंगळूरास व अमेरिकेंत अशाच मोठ्या कंपन्यांतून यंत्रें चालवितात, करार लिहितात, हिशेब तपासतात. एन्रॉनचे हिशेब लिहिणारे अडाणी नव्हते. ते नामांकित विद्यापीठांतून शिकलेले, सभ्य, घरंदाज होते. त्यांपैकीं प्रत्येकानें आपल्यापुढचा कागद तेवढा पाहिला. नाव कोणीकडे चालली, तें पाहणें आपलें काम नव्हे असें मानलें. म्हणून घरांतील वडिलांनीं नोकरी लागलेल्या मुलास पगाराचा आंकडा विचारावा, तसेच तीन प्रश्न विचारावे. तुझ्या यंत्राचा मालक कोण? तोटा झाला तर तो कोणाच्या अंगावर पडतो? आणि ज्याच्यावर पडतो, त्यानें गाऱ्हाणें कोठें न्यावें? तिसऱ्या प्रश्नास उत्तर नसेल, तर पगार कितीहि मोठा असो, काळजीचें कारण आहे असें समजावें.

तेव्हां मुलाच्या हातांतील ती रंगीत मुखपृष्ठाची कादंबरी हिसकावून घेऊं नये. ती त्याच्याकडून मागून घ्यावी, वाचावी, आणि मग त्यास अंजनवेलची हकीकत सांगावी. कादंबरींतलें शहर त्याला दूरचें वाटत असेल. वेलदूरचा कोळीवाडा तर आपल्याच जिल्ह्यांतला आहे.